खाऱ्या वाऱ्यावर चार तास

वसईच्या किल्ल्याबाहेर ताई सायकल वळवतात तेव्हा साडेदहा वाजलेत. वारा फिरलाय. सकाळचा जमिनीकडचा मतलई वारा केव्हाच पडला आणि आता वायव्येकडून, समुद्रावरून, खारा वारा चढतोय. आम्हाला जायचंय उत्तरेला: गिरीज, भुईगाव, निर्मळ, आगाशी, अर्नाळा. म्हणजे आता तो तोंडावरच.

ताईंना तेच हवंय. बाकीचे सायकलवाले पहाटे निघून उन्हाआधी घर गाठतात; ताई रविवारी मुद्दाम नऊला निघतात. किनारपट्टी सगळी सपाट. चढाचा सराव हवा तर हायवे ओलांडून वज्रेश्वरीच्या वाटेला लागायचं, आणि हायवेवरची अवजड वाहनं त्यांना नको वाटतात. "आपला घाट म्हणजे हा वारा," असं म्हणत त्या गियर एक पायरी हलका करतात.

ताई विरारला शाळेत गणित शिकवतात. पुढच्या महिन्यात एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवणार आहेत. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीच्या नियमात या अंतराला साडेतेरा तास मिळतात, तीच मुदत त्यांनी स्वतःला घातलीय. सोसायटीतले शेजारी, शाळेतले सहकारी, जुने विद्यार्थी प्रत्येक किलोमीटरमागे पाच-दहा रुपये देणार आहेत. पैसा जाणार डायलिसिसवरच्या पेशंटांच्या घरी. आजची फेरी चार तासांची आहे, कारण मशीनवर एका वेळी साधारण चार तास पडून राहावं लागतं, आणि तेही अनेकांना आठवड्यातून तीनदा. हा हिशेब त्यांनी एकदाच सांगितला. तेव्हापासून मी त्यांच्यासोबत निघतो.

गिरीज मागे पडतं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना वाड्या, केळी, मध्येच क्रूस, तुळशीवृंदावन, पुन्हा क्रूस. वाडीच्या आडोशाला वेग वाढतो. कुंपण संपून मोकळी जागा आली की वारा छातीवर बसतो. आम्ही ताशी वीसने चाललोय आणि समोरून वारा पंधराचा असेल, तर अंगाला पस्तीसचा लागतो. त्या कोपरं वाकवून खाली झुकतात. खांदे सैल, पकड सैल. पाय मात्र एका लयीत, ना जोरात ना हळू. मी मागच्या चाकाला चिकटून आडोसा घेतोय. थोड्या वेळाने कोपराने खूण होते: आता तू पुढे.

पुढे आल्यावर कळतं त्या इतका वेळ काय ओढत होत्या. मांड्या भरून येतात. ओठांवर मीठ. चेनमध्ये किनाऱ्याची बारीक वाळू करकरतेय. घरी गेल्यावर चेन फडक्याने पुसून तेल द्यायला हवं, नाहीतर या हवेत दोन दिवसांत गंज धरते.

ताईंच्या तोंडी एक उदाहरण नेहमी असतं: २०१५ साली नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू आळीपाळीने सायकल चालवत अमेरिका आडवी पार करून गेले, चार हजार आठशे किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. संघाचं नाव त्यांनी 'व्हिजन फॉर ट्रायबल्स' ठेवलं होतं. या भावांचं मोठेपण मला पटतं, पण माझं मन ताईंच्या दोनशेपाशी जास्त रेंगाळतं. सोमवारी सकाळी ताईंना पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचंय.

निर्मळला विमल तलावाजवळ थांबतो. ताई खिशातून सुकेळी काढतात. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, बाहेरून तपकिरी, चिवट. दातांनी तोडली की आत मधासारखा गोड गर. एक माझ्या हातावर ठेवतात. शेजारी टोपली घेऊन बसलेली भाजीवाली मावशी आमच्याकडे बघतेय.

"कुठे चालली बाय एवढ्या उन्हात?"

ताई सांगतात. डायलिसिस म्हटल्यावर मावशीचा हात मेथीच्या जुडीवर थांबतो.

"माझ्या दिराला चालू आहे. पण ते तर फुकट होतं ना योजनेत?"

"महात्मा फुले योजनेत मशीनचा खर्च बसतो, मावशी. रिक्षाभाडं बसत नाही. बुडालेला रोज बसत नाही. आम्ही पैसे जमवतोय ते त्याच्यासाठीच."

मावशी मान हलवते. दीर आठवड्यातून तीनदा रिक्षाने जातो, सोबत जाऊबाई, म्हणजे त्या दिवशी तिचंही काम बंद. भाड्यासाठी मागच्या महिन्यात कानातलं मोडलं. मधल्या एका खेपेला गेलेच नाहीत, पाय सुजले.

ताईंचं उरलेलं सुकेळं हातातच आहे. घड्याळात अकरा वीस; फेरीतला दीड तासाहून जास्त वेळ उरलाय आणि वारा अजून वाढणार आहे. त्या सायकल तलावाच्या कठड्याला टेकवतात, मोबाइल काढतात आणि मावशीशेजारी जमिनीवर बसतात.

"दिराचं नाव सांगा. आणि खेप चुकवू देऊ नका, काही झालं तरी. रेशनकार्ड, आधार आहे ना? ते आणि हॉस्पिटलचे कागद काढून ठेवा. उद्या शाळा सुटली की मी घरी येते."