लखनौच्या वेशीवर धुराचा टोल नाही

पुण्याहून बदली होऊन लखनौला निघालेला मराठी माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो. कबाब कुठे चांगले मिळतात, आणि 11 वर्षांची डिझेल गाडी तिकडे धरतात का? पहिल्याचं उत्तर चौकात कुणीही देईल. दुसऱ्याबाबत ऐकीव माहितीच जास्त फिरते, आणि तीही बहुतेक दिल्लीची.

गैरसमज: 10 वर्षांवरची डिझेल आणि 15 वर्षांवरची पेट्रोल गाडी लखनौत बाद होते.

वस्तुस्थिती: ही वयोमर्यादा दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची. राष्ट्रीय हरित लवादाने ती घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवली. उत्तर प्रदेशातले नोएडा, गाझियाबाद, मेरठ, बुलंदशहर त्या क्षेत्रात येतात. लखनौ येत नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, पण ती देशात सगळीकडेच.

मात्र हीच गाडी घेऊन नोएडाला भाच्याच्या मुंजीला गेलात, की दिल्लीचं गणित सुरू होतं. तिथे 2025 च्या डिसेंबरात न्यायालयाने कारवाईपासून संरक्षण ठेवलं ते बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांना. यात एक गंमत आहे. बीएस-4 मानक 2010 मध्ये आधी मोजक्या मोठ्या शहरांत आलं. त्या यादीत लखनौ आणि कानपूर होतं, मुंबई-पुणं होतं, आणि आपलं सोलापूरही होतं. पुढे यादी वाढत गेली आणि 2017 मध्ये सारा देश त्यात आला. त्यामुळे 2014 साली पुण्यात नोंदलेली गाडी बीएस-4, तर त्याच साली यादीबाहेरच्या गावी नोंदलेली तसलीच गाडी बीएस-3 असू शकते. वय सारखं, नशीब वेगळं! मानक कोणतं ते ‘वाहन’ पोर्टलवर दिसतं.

गैरसमज: हजरतगंजात शिरायला प्रदूषण शुल्क पडतं.

पार्किंगचे पैसे पडतात, धुराचे नाही. लखनौत धुरानुसार आकारणी करणारं क्षेत्रच नाही. आहे ती वाहतूक पोलिसांची नो-एन्ट्री: ट्रकना दिवसा शहरबंदी, ई-रिक्षांना काही मुख्य रस्ते बंद. ई-रिक्षाला तर सायलेन्सरही नाही! ती अडवली जाते गर्दीमुळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली राज्य सरकार एखाद्या भागात ठरावीक वाहनांना मनाई करू शकतं, म्हणजे कायद्याने हात बांधलेले नाहीत.

खरं धुराचं क्षेत्र कसं चालतं ते लंडनमध्ये बघावं. तिथे दोन वेगळे आकार आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक गर्दीचा, 2003 पासूनचा, फक्त मध्यभागापुरता आणि ठरावीक वेळेचा. दुसरा धुराचा, 2019 मध्ये सुरू झालेला आणि ऑगस्ट 2023 पासून लंडनच्या सगळ्या बरोंना लागू. दुसऱ्यात पेट्रोल गाडी युरो-4 आणि डिझेल गाडी युरो-6 मानकाची असेल तर एक पैसाही नाही. नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. नाका नाही, पावती नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, पैसे मालकाने आपणहून भरायचे. विसरलात तर दंडाचं पत्र घरी.

गैरसमज: आपल्याकडे असलं काही होणंच शक्य नाही.

लखनौहून एक्सप्रेसवेने आग्र्याला जा. ताजमहालापासून 500 मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना मज्जाव आहे, परवानाधारक रहिवासी सोडून. पर्यटक शिल्पग्रामला गाडी लावतात आणि बॅटरीच्या गाडीने पुढे जातात. ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने संगमरवर पिवळा पडू नये म्हणून घातली. लखनौकरांच्या फुप्फुसांना तेवढा मान अजून मिळालेला नाही. दिल्लीतही 2015 पासून पर्यावरण भरपाई आकार आहे, पण तो शहरात शिरणाऱ्या व्यापारी मालवाहू गाड्यांना. खासगी मोटारींना तो लागत नाही. आणि माथेरानला तर आपण सगळेच दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून चालत गेलो आहोत.

गैरसमज: पीयूसी आहे म्हणजे गाडी स्वच्छ.

हा गैरसमज सर्वांत घट्ट आहे. पेट्रोल गाडीच्या चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या चाचणीत धुराचा काळेपणा. पीएम 2.5 हे सूक्ष्म कण त्यात मोजलेच जात नाहीत, नायट्रोजनची ऑक्साइडंही नाहीत. लखनौतली भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर शहराची हवा तपासते, त्यात हे कण मोजले जातात. म्हणजे शहराची तपासणी एका गोष्टीची आणि गाडीची भलत्याच. तरीही पीयूसी खिशात ठेवाच, कारण कलम 190(2) खाली दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो. बीएस-4 आणि बीएस-6 गाड्यांना तिची मुदत वर्षाची, त्याहून जुन्यांना सहा महिन्यांची.

‘एमएच’ पाटीचं काय? 12 महिन्यांहून जास्त मुक्काम असेल तर उत्तर प्रदेशचा नंबर घ्यावा लागतो. ‘भाड्याने राहतो’ ही सबब चालत नाही.

गैरसमज: विजेची गाडी घेतली की असल्या आकारांतून कायमची सुटका.

धुराच्या आकारातून सुटका, गर्दीच्या नव्हे. लंडनने गर्दीच्या आकारातली विजेच्या गाड्यांची पूर्ण माफी डिसेंबर 2025 मध्ये काढून घेतली. गाडी विजेची असली तरी रस्त्यावर जागा तेवढीच अडवते.

राहिला शेवटचा आक्षेप, की असं क्षेत्र म्हणजे गरिबाला भुर्दंड. हा मात्र मी निव्वळ गैरसमज म्हणणार नाही. लखनौत मेट्रोची एकच मार्गिका धावते, विमानतळ ते मुन्शीपुलिया, सुमारे 23 किलोमीटर, आणि ती जुन्या शहराला वळसा घालून जाते. जुन्या शहरातल्या अमीनाबाद आणि चौक या भागांना जोडणारी चारबाग-वसंतकुंज मार्गिका ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर झाली. चौकातल्या स्कूटरवाल्याकडे धुराचे पैसे मागायचे असतील, तर ते ही मार्गिका धावू लागल्यावर मागावेत, त्याआधी नाही.