भिशीतून धंद्याकडे

हातकणंगले भागात उन्हाळा आला की गल्लीतल्या बायका मिळून कांदा-लसूण चटणी करतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी डबे मागितले की भिशीच्या बैठकीत धंद्याचा विषय निघतोच. पुढची वाट मळलेली: 10 ते 20 जणींचा बचत गट, बँकेत गटाच्या नावे खातं, आपसात कर्ज. 1992 पासून नाबार्डने असे गट बँकांशी जोडले. विकायचं तर अन्नसुरक्षा नोंदणी हवी.

घोडं अडतं ते हिशेबात. मिरची कुणी आणली, डंकाचे पैसे कुणी दिले, हे त्याच दिवशी वहीत यावं; नात्यागोत्यात तर जास्तच, कारण गटाच्या धंद्यात प्रत्येकीचा वाटा असतो. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तिथंही प्रत्येक सभासद मालकीण मानली गेली.