प्रशिक्षण झाले, पुढे काय?



आपल्या अहवालांत एक वाक्य ठरलेले असते: ‘इतक्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण दिले.’ मीही ते वर्षानुवर्षे लिहिले. मग एका पाड्यावर गेलो. तिथल्या सेविकेने बाळाचे वजन करण्याचा काटा दाखवला, तो ट्रंकेत होता आणि त्याची झोळी फाटलेली होती. परीक्षेत ती पहिली आली होती. आमच्या अहवालात ती ‘यशस्वी’ होती.

अशा वेळी ‘लॉजिक मॉडेल’ कामी येते. नाव जड असले तरी ती कारण-परिणामांची साखळीच आहे, आणि ती शेवटाकडून मांडायची. नवजात बाळे कमी दगावावीत, हे शेवटचे टोक. त्यासाठी बाळ उबेत राहावे, पहिल्या तासात अंगावर पाजले जावे, धोक्याची लक्षणे वेळेत कळावीत. त्यासाठी सेविकेने पहिल्या दिवसांत घरी जावे. त्यासाठी तिच्या हाताला सराव हवा. प्रशिक्षण येते ते इथे. त्याच्याही मागे शिक्षक, साहित्य आणि तुमची देणगी.

मग दोन कड्यांमध्ये काय गृहीत धरले आहे ते विचारायचे. बाळंतपणाची खबर तिला मिळते का? सासूबाई तिला घरात घेतात का? झोळी फाटली तर नवी कोण देतो? आम्ही हे शेवटचे कधी विचारलेच नव्हते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत ही साखळी पूर्ण बांधली. गावातल्याच स्त्रिया शिकवल्या, त्यांच्या घरभेटी व नोंदी तपासणारी माणसे नेमली आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावे घेतली. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू सुमारे २५ वर आले. १९९९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे सरकारने आशांमार्फत घरोघरी नवजात-काळजीची योजना आणली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी जायचे असते.

आपले काम मात्र दहा-बारा पाड्यांचे. तिथे वर्षाला जन्म थोडे, त्यामुळे मृत्यू दोनाने कमी-जास्त झाले तरी ते आपल्यामुळेच झाले असे म्हणता येत नाही. देणगीदारांना ते सांगण्याचा मोह होतो, मलाही झाला आहे. पण आपण मोजावी ती जवळची कडी: जन्मलेल्यांपैकी किती बाळांकडे तिसऱ्या दिवसापर्यंत सेविका पोहोचली, किती जणांचे वजन झाले आणि न झालेल्यांचे का नाही.

पुढील अंकापासून अहवालात हे तीन आकडे असतील. पहिल्या तिमाहीत ते फारसे चांगले दिसणार नाहीत. झोळ्या शिवायला दिल्या आहेत.