जॅक का अडतो?

डिकीत स्टेपनीशेजारी पडून असलेला कात्रीसारखा जॅक म्हणजे चार लोखंडी हात, त्यांच्यामधून आडवा जाणारा आटेदार दांडा, खाली पाया आणि वर गाडीची कड बसेल अशी खाच. दांडा एका बाजूला नटातून जातो. हँडल लागते त्या बाजूला तो बेअरिंगवर किंवा नुसत्या वॉशरवर टेकून फिरतो. दांडा फिरला की दोन्ही बाजूंचे सांधे जवळ येतात, हात उभे होतात आणि गाडी वर जाते. बिघडण्यासारखे यात फार काही नाही. पण जे बिघडते ते बहुधा पंक्चर झाल्यावरच कळते.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे जॅक जड फिरतो. सुरुवातीला तो जड लागणारच, तो दोष नव्हे. हात जमिनीशी 15 अंशांत आडवे असताना 350 किलो भार उचलायचा तर दांड्यावर सुमारे 1,300 किलोचा ताण येतो; तेच हात 45 अंशांवर आले की ताण 350 किलोवर उतरतो. त्या बदल्यात उंचीही तशीच मिळते. आट्यांमधले अंतर 3 मिलिमीटर असेल तर सुरुवातीच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे 11 मिलिमीटर उचलली जाते, 45 अंशांवर जेमतेम 3. म्हणून जड सुरू होऊन हलका होत जाणारा जॅक ठणठणीत समजावा. आधी हलका आणि मध्येच जड होणारा मात्र संशयास्पद.

खरा दोष शोधायचा तो जॅक गाडीखाली नसताना. रिकामा जॅक पूर्ण उघडून पूर्ण मिटवावा. सगळीकडे सारखाच घट्ट असेल तर वाळलेले ग्रीस, धूळ आणि गंज यांचा तो लगदा असतो. पावसाळ्यात डिकीत पाणी शिरलेल्या गाड्यांत हे हमखास. रॉकेल किंवा डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन आटे उघडे पडेपर्यंत घासावेत, पुसावेत, मग दांड्याला, बेअरिंगला आणि सांध्यांना नवे ग्रीस लावावे. नुसता गंज सोडवणारा फवारा मारून काम भागत नाही. तो लवकर उडून जातो. ग्रीस लावले तर भाराखाली जॅक आपोआप खाली फिरेल, ही भीती मात्र निराधार. आट्यांचा उतार इतका कमी ठेवलेला असतो की ग्रीस असूनही घर्षण दांड्याला उलटा फिरू देत नाही. त्याच घर्षणात हँडल मारणाऱ्याची निम्म्याहून अधिक ताकद वाया जाते, हा त्या सुरक्षिततेचा मोबदला.

प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडत असेल तर दांडा वाकलेला असतो. फिरवताना त्याचे टोक डुगडुगताना दिसते. हँडलच्या बाजूने करकर येत असेल तर बेअरिंगच्या गोळ्या झिजल्या, फुटल्या किंवा कधीच्याच गळून गेल्या. जॅक एका अंगाला कलत असेल तर पायाशी आणि माथ्याशी हातांना जे दाते असतात ते पाहावेत. एखादा तुटला की डावा-उजवा हात सारखे उठत नाहीत. मात्र मातीत पाया रुतल्यानेही जॅक कलतो. तिथे जॅकचा दोष नाही, खाली जाड फळी हवी.

सर्वांत धोक्याचा दोष सर्वांत गुपचूप वाढतो, तो म्हणजे नटातले आटे झिजणे. जुने ग्रीस अंगठ्यावर घेऊन उन्हात धरावे. त्यात चंदेरी चकाकी दिसली तर ती झिजलेल्या धातूची पूड. मग दांडा धरून नटाकडचा सांधा पुढे-मागे ढकलून पाहावा. खटखट हलला, किंवा दांड्यावरचे आटे माथ्याला सपाट न राहता सुरीसारखे धारदार झाले असतील, तर तो जॅक भंगारात द्यावा. वाकलेला दांडा ठोकून सरळ करणे किंवा तुटलेल्या दात्यावर वेल्डिंग चढवणे हे उद्योगही नकोत. कोरडेपणा घरी दुरुस्त होतो. गेलेला धातू परत येत नाही.

तपासलेला जॅकसुद्धा चाक बदलण्यापुरताच. हँडब्रेक ओढून, कर्णरेषेतल्या चाकाला दगड लावून, चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच सैल करावेत; उचललेल्या गाडीला झटके देत नट सोडवण्यानेच पुष्कळ जॅक कलंडतात. काढलेली स्टेपनी दाराखालच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावी. गाडीखाली शिरायचे असेल तर स्टँड लागतात.

नवा घेताना अंगावर लिहिलेल्या वजनाइतकीच मिटलेल्या जॅकची उंची महत्त्वाची. हवा गेलेल्या टायरने गाडीची कड खाली आलेली असते, आणि तिथे जॅक आत गेला पाहिजे. माथ्याची खाच त्या गाडीच्या पत्र्याच्या कडेवर नीट बसते का, हेही दुकानातच पाहून घ्यावे.