तळ सावरतो, पण स्वतःच्या वेगाने

जुलै २००८मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम उपसागरात सरकारने २०६ चौरस किलोमीटरचा समुद्र, तळ खरवडणाऱ्या मासेमारीसाठी बंद केला. खेकडे आणि शेवंडांसाठी पिंजरे टाकायला, बुडी मारून हाताने शिंपले वेचायला मोकळीक राहिली. मनाई झाली ती तळाला घासत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांना आणि स्कॅलॉप या मोठ्या शिंपल्यांसाठी ओढल्या जाणाऱ्या, लोखंडी दातांच्या ड्रेजना.

तळ खरवडणाऱ्या जाळ्यांबद्दलची तक्रार जुनी होती. १३७६मध्येच इंग्लंडच्या संसदेपुढे एक अर्ज आला होता: ओढायच्या एका नव्या जाळ्यामुळे तळावरची वाढ, कालवं, शिनाणे आणि माशांची पिल्लं नष्ट होत आहेत. पुढे १८६३मध्ये नेमलेल्या शाही आयोगावर थॉमस हक्सलीसारखा जीवशास्त्रज्ञ होता. तरी आयोगाने मासेमारीवरचे बहुतेक निर्बंध उठवायचा सल्ला दिला. त्या काळी तळाकडे पाहायची सोयच नव्हती.

लाइममध्ये ती होती. बंदीच्या वर्षापासून प्लिमथ विद्यापीठाचे संशोधक दरसाल पाण्याखाली कॅमेरा फिरवत आले. तीन वर्षांतच बदल दिसू लागला. गुलाबी समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखी फांद्यांची जाळी पसरणारी मऊ पोवळी, वाढू लागली. वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढणारा हा जीव ड्रेजच्या एका फेरीत मुळासकट उखडतो. स्कॅलॉपही वाढले.

खरा धडा मात्र खडकांच्या मधल्या जागेने दिला. बंदीआधी तळ न खरवडण्याचे मच्छीमारांचे आपसांतले समझोते झाले होते, ते काही ठरावीक खडकांपुरतेच. २००८च्या रेषेने खडकांमधली वाळू आणि गोटेही आत घेतले. त्या ‘रिकाम्या’ तळावरही पुढे खडकांवरचे म्हणून ओळखले जाणारे जीव रुजलेले दिसले. वाळूचा थर पातळ होता, खाली खडकच होता. तो तळ निसर्गतः उजाड नव्हता. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने तसा झाला होता.

वाटचाल सरळ नव्हती. २०१३-१४च्या हिवाळ्यातल्या वादळांनी वाढलेलं बरंच मोडलं आणि तळ पुन्हा सावरू लागला. पिंजऱ्यांवरचा प्रयोगही बोलका ठरला: थोडे पिंजरे तळाला सोसतात, दाटीवाटीने टाकले तर नाजूक जीव मोडतात आणि पकडही घटते. अकरा वर्षांनंतरच्या मोजणीत, बाहेरच्या खुल्या पाण्याच्या तुलनेत इथल्या माशांच्या जातींतली वाढ सुमारे चौपट भरली. किंमतही कुणीतरी मोजली: पिंजरेवाल्यांचं फावलं, ड्रेजवाल्यांना दुसरीकडे जावं लागलं.

२०१७मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजणी प्रसिद्ध झाली. जाळ्याच्या एका फेरीत तळावरच्या जीवांचा ६ ते ४१ टक्के भाग जातो; साध्या ट्रॉलने कमी, पाण्याच्या झोताने तळ उकरणाऱ्या ड्रेजने सर्वाधिक. अवजार जितकं खोल जातं, तितकं नुकसान जास्त. भरून यायला साधारण दोन ते साडेसहा वर्षं लागतात.

हे आकडे कोकणाशी ताडून पाहण्यासारखे आहेत. महाराष्ट्रात आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. माशांच्या विणीला आणि खवळलेल्या समुद्रात माणसांच्या जिवाला तिचा आधार आहे. पण ऑगस्टमध्ये ट्रॉलर पुन्हा त्याच तळावरून फिरतात. आपला तळ बहुतांशी चिखलाचा, लाइमच्या खडकांहून वेगळा, म्हणून तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी हिशेब महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. बंदीचे दिवस थोडे वाढवून माशांचा फायदा होईल. तळासाठी मात्र एखादा पट्टा वर्षानुवर्षं ट्रॉलविना सोडावा लागेल. तो कुठला आणि त्याची झळ कुणी सोसायची, हे कोळीवाड्यांना सोबत घेऊनच ठरवावं लागेल. तशा पट्ट्याशिवाय आपला तळ मुळात कसा होता, हेही आपल्याला कळणार नाही.