खांद्यात प्लेट, पण जायचं कुठून?

बाइक घसरली, खांद्यावर आपटलात आणि दंडाच्या हाडाचं वरचं टोक तुटलं. डॉक्टर म्हणतात, 'प्लेट बसवू.' आपण विचारतो, खर्च किती आणि जिम कधी! सर्जनच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रश्न असतो: आत शिरायचं कुठून?

रुळलेली वाट पुढून. खांद्याचा डेल्टॉइड आणि छातीचा स्नायू यांच्या फटीतून. तिथे सिफॅलिक नावाची रक्तवाहिनी दिसते, तीच खूण. स्नायू चिरावा लागत नाही. पण मागचा तुकडा गाठायला डेल्टॉइड चांगलाच ओढावा लागतो.

दुसरी वाट बाजूने, डेल्टॉइडचे तंतू विलग करून. प्लेटच्या जागी थेट पोचता येतं. मग सगळे हीच का घेत नाहीत? कारण खांद्याच्या टोकापासून साधारण 5 ते 7 सेंटिमीटर खाली अ‍ॅक्सिलरी नर्व्ह आडवी जाते. ती दुखावली तर हात बाजूला उचलणंच मुश्कील. म्हणून ती आधी बोटाने चाचपायची, मग प्लेट तिच्याखालून सरकवायची.

आणि हो, प्लेट दरवेळी लागतेच असं नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 'प्रॉफर' चाचणीत 250 रुग्ण होते. दोन वर्षांनी ऑपरेशनवाले आणि नुसती झोळी घातलेले यांच्यात ठळक फरक दिसला नाही. अर्थात, त्यांचं सरासरी वय होतं 66!