घोड्याच्या रक्तांतील लपलेला शत्रु व त्याची जलद परीक्षा

दत्तजयंती जवळ आली कीं आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांचें लक्ष पुस्तकांतून उडून सारंगखेड्याकडे लागतें. शहादा तालुक्यांत, तापी नदीच्या कांठीं, एकमुखी दत्ताच्या यात्रेनिमित्त भरणारा तेथील घोडेबाजार प्रसिद्धच आहे. मारवाडी, काठेवाडी आदि जातींचे घोडे दूरदूरच्या प्रांतांतून तेथें विक्रीस येतात. घेणारा घोड्याचे दांत पाहतो, चाल पाहतो, अंगावरील भोंवरे तपासतो, व मग भाव ठरतो. कित्येक घरांची वर्षानुवर्षांची शिल्लक त्या एका व्यवहारांत खर्ची पडते. दांतांवरून वय कळतें, चालीवरून पायांचा दोष कळतो. परंतु रक्तांत काय दडलें आहे, तें डोळ्यांस दिसत नाहीं. तें ओळखण्याची नवी रीत आमच्या वाचकांस थोडक्यांत समजावून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

ज्या रोगाविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यास शास्त्रांत 'पायरोप्लाझ्मोसिस' म्हणतात. तो दोन अतिसूक्ष्म परोपजीवी जीवांमुळें होतो: एकाचें नांव 'थायलेरिया इक्वाय' व दुसऱ्याचें 'बाबेसिया कॅबॅली'. रोगी घोड्याचें रक्त शोषलेली गोचीड पुढें दुसऱ्या घोड्यास चावली, म्हणजे तिच्या लाळेवाटे हे जीव त्याच्या शरीरांत उतरतात व तांबड्या रक्तपेशींत शिरून वाढतात. पेशी फुटूं लागल्या कीं घोड्यास ताप येतो, खाणें सुटतें, डोळ्यांच्या व तोंडाच्या आंतील त्वचा फिकट किंवा पिवळी पडते, आणि कधीं कधीं लघवी तांबूस होते. गोचीड चावल्यापासून हीं लक्षणें दिसण्यास बहुधा १० ते ३० दिवस लागतात. म्हणजे बाजारांत धडधाकट दिसलेला घोडा घरीं आल्यावर आजारी पडूं शकतो. याहून कठीण गोष्ट अशी कीं, आजारांतून उठलेल्या घोड्याच्या रक्तांतही हे जीव अल्प संख्येनें राहून जातात. थायलेरिया तर बहुधा जन्मभर सोडीत नाहीं. असा वाहक घोडा खातो, धांवतो, वरातींत नाचतो. पण त्यास चावलेल्या गोचिडी रोग दुसरीकडे नेतात.

अशा रोगांची जुनी परीक्षा म्हणजे रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, त्यास रंग देऊन, सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहणें. घोड्यास ताप चढलेला असतां ती उपयोगी पडते. पण वाहक घोड्याच्या हजारों पेशींत एखादाच जीव असेल तर तो सांपडणें कठीण. दुसरी रीत म्हणजे रोगाशीं झुंजण्यासाठीं शरीर जीं प्रतिपिंडें निर्माण करतें, तीं रक्तांत शोधणें. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानें या रोगासाठीं अशी 'एलायझा' चांचणी तयार केली आहे. वाहक ओळखण्यास ही रीत फार उपयुक्त आहे. तथापि प्रतिपिंडें म्हणजे शत्रूच्या पावलांचे ठसे होत. रोग नुकताच लागला असेल तर ते अजून उमटलेले नसतात, आणि शत्रु निघून गेल्यावरही ते कांहीं काळ राहतात.

तिसरी रीत, जिला रेणवीय परीक्षा म्हणतात, ती ठसे न पाहतां प्रत्यक्ष शत्रूसच शोधते. प्रत्येक जीवाच्या पेशींत 'डीएनए' नांवाचा सूक्ष्म धागा असून त्यावर त्या जातीची खूण असते. ही खूण इतकी लहान कीं, दिसण्यासाठीं तिच्या असंख्य नकला कराव्या लागतात. अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांस १९८३ सालीं सुचलेल्या 'पीसीआर' रीतीनें प्रत्येक फेरींत नकला दुप्पट होतात. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: एकाची ३० वेळां दुप्पट केली तर संख्या १०० कोटींच्या वर जाते! परंतु या रीतींत द्रव वारंवार सुमारें ९५ अंशांपर्यंत तापवून निववावा लागतो, व त्यासाठीं खास यंत्र लागतें. २००० सालीं जपानी संशोधकांनीं 'लॅम्प' नांवाची रीत प्रसिद्ध केली. तींत नकलांचें सर्व काम ६० ते ६५ अंशांच्या एकाच उष्णतेवर, सुमारें एका तासांत होतें. गरम पाण्याचें पात्रही पुरतें, आणि योग्य रंगद्रव्य घातलें असतां निकाल नुसत्या डोळ्यांनीं वाचतां येतो. २००७ सालीं जपानमधील संशोधकांनीं घोड्यांच्या या रोगासाठींही ती सिद्ध केली. मोठ्या प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या बाजाराच्या गांवीं अशी रीत किती मोलाची ठरेल! व्यवहारापूर्वींच निकाल हातीं आला तर घेणाऱ्याची फसगत टळेल, आणि प्रामाणिक विकणाऱ्याच्या शब्दासही आधार मिळेल.

मात्र ही परीक्षा म्हणजे जादू नव्हे. तपासलेल्या थेंबांत शत्रूची खूण आलीच नाहीं, तर तीही 'रोग नाहीं' असेंच सांगेल. म्हणून ती व प्रतिपिंडांची परीक्षा जोडीनें करणें हितावह असतें. उलटपक्षीं, रोग निघाला म्हणून घोडा टाकाऊ ठरत नाहीं. इमिडोकार्बसारखीं औषधें आहेत. पण तीं पशुवैद्यांच्याच हातून द्यावीं. शिवाय गोचिडीवांचूनही हा रोग पसरतो. २००८ सालीं अमेरिकेंतील फ्लोरिडा राज्यांत तो कित्येक घोड्यांत आढळला, तेव्हां त्याचें कारण गोचिडींत नव्हे, तर एकच सुई अनेक घोड्यांस टोंचण्यांत सांपडलें.

यास्तव आमच्या वाचकांनीं एवढें ध्यानीं धरावें. खरारा करतांना कान, आयाळीची खालची बाजू, जांघा व शेपटीचें मूळ नीट पाहावें. नवा घोडा महिनाभर वेगळा बांधावा. प्रत्येक घोड्यास नवी सुई वापरण्याचा आग्रह धरावा. घोडा आपली व्यथा बोलून दाखवूं शकत नाहीं. देवानें आमच्या हवालीं केलेल्या त्या मुक्या जीवाच्या वतीनें विचारणें हें आमचेंच कर्तव्य होय. पुढील यात्रेंत आमचा कोणी विद्यार्थी वडिलांबरोबर घोडा पाहावयास गेला, तर दांत, चाल व भोंवरे पाहून झाल्यावर त्यानें आदबीनें एक प्रश्न अवश्य विचारावा: "काका, याचें रक्त तपासलें आहे काय?"